पोस्ट निघाला, सिमेंट कुठे राहिलं?

गेल्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते : फायबर पोस्ट निसटला की पहिला दोष पोस्टाला देऊ नका. (पोस्ट म्हणजे रूट कॅनाल केलेल्या दाताच्या मुळात सिमेंटने बसवलेली काडी, फायबर पोस्टात ती बहुधा काचेच्या धाग्यांची असते.) त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अंक त्यांनाच द्यावा लागला. पोस्टाने पत्रं येण्याचे दिवस गेले, पोस्टाबद्दल मात्र अजून येतात. दोन पत्रांत मला चांगलंच झापलंय, त्यांतलं एक खाली घेतलं आहे.

प्रश्न : पाच वर्षांपूर्वी माझ्या वरच्या पुढच्या दाताचं रूट कॅनाल होऊन कॅप बसवली होती. परवा ब्रश करताना ती कॅप हातात आली. तिच्या पोटातून एक पांढरट काडी बाहेर आलेली दिसते. दुखत काहीच नाही. ही काडी तुटली आहे की सुटली? घरच्याघरी चिकटवून काही दिवस काढले तर चालेल का?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून सुटली असावी. फायबर पोस्ट तुटतो तेव्हा त्याचं टोक जुन्या कुंचल्यासारखं पिंजारतं, आतले काचेचे धागे वेगळे दिसू लागतात. टोक गुळगुळीत, निमुळतं आणि अख्खं असेल तर काडी जशी आत गेली होती तशीच बाहेर आली आहे.

घरी चिकटवू नका. झटपट चिकटणारे गोंद मुळाच्या पोकळीत कडक होऊन बसतात, मग ते कोरून काढताना डॉक्टरांना दाताचाही थोडा भाग गमवावा लागतो. शिवाय कॅप केसभर तिरकी बसली तरी चावताना सगळा भार त्याच दातावर येतो. दुखत नाही याचं कारण एवढंच, की त्या दाताची नस पाच वर्षांपूर्वीच काढलेली आहे. दुखणं नाही म्हणजे घाई नाही असं समजू नका. मुळाचं तोंड आता उघडं आहे आणि लाळेबरोबर जंतू खाली झिरपतात, म्हणून एक-दोन दिवसांत दाखवा.

आणि ती कॅप काडीसकट कोरड्या डबीत ठेवून सोबत न्या. घासू नका, नखाने खरवडू नका. काडीवर पिवळट किंवा पांढरा थर दिसत असेल तर ते जुनं सिमेंट आहे आणि ते कुठे राहिलंय, कुठून गेलंय यावरून बरंच कळतं. तुमच्या डॉक्टरांनी ती डबी बघण्याआधीच कचऱ्यात टाकली तर त्यांना माझा हा मजकूर दाखवा.

एक गैरसमजही जाता जाता काढून टाकते. पोस्टामुळे दात मजबूत होत नाही. वरचा मोडका भाग पुन्हा बांधून काढायचा तर त्याला खाली कुठेतरी धरायला हवं, एवढ्याचसाठी पोस्ट असतो. दात टिकतो तो हिरडीच्या वर उरलेल्या स्वतःच्या भिंतीवर. कॅपच्या कडेच्या आत चहूबाजूंनी निदान दोन मिलिमीटर उंचीचा दात शिल्लक असेल तर कॅप त्याला कड्यासारखी आवळून धरते. आम्ही त्याला फेरूल म्हणतो. तुमच्या डॉक्टरांना विचारा : फेरूल किती आहे, आणि मुळाला उभी चीर तर नाही ना? चीर असेल तर पोस्टाचा विषय तिथेच संपतो.

प्रश्न : निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. आमच्या काळी धातूचा ओतीव पोस्ट झिंक फॉस्फेट सिमेंटने बसवला की तो माणसाबरोबरच जायचा. चिकटवण्याआधी सिलेनचा लेप नाही, वाळू मारून खरवडणं म्हणजे सँडब्लास्टिंग नाही. तुमची ही काचेची काडी चार वर्षांत हातात येते आणि वर तुम्ही म्हणता पोस्टाला दोष देऊ नका. मग काय रुग्णाला द्यायचा?

उत्तर : सर, तुमचे पोस्ट टिकायचे, हे मी नाकारत नाही. मी स्वतः शिकले ते त्याच पोस्टांवर. पण ते निकामी झाले की कसे व्हायचे, हेही आठवा. पोलादाचा ताठपणा दोनशे गिगापास्कलच्या आसपास, डेंटिनचा, म्हणजे दाताच्या इनॅमलखालच्या मुख्य भागाचा, जेमतेम अठरा. इतक्या ताठ वस्तूने आतून रेटा दिला की मूळ उभं चिरायचं आणि दात काढावा लागायचा. ग्लास फायबर पोस्टाचा ताठपणा वीस ते चाळीसच्या घरात आहे, म्हणजे तो दाताबरोबर थोडा वाकतो. १९९० साली फ्रान्समध्ये ड्यूरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला कार्बन फायबर पोस्ट आणला तो याच हिशोबाने. तो काळाकुट्ट होता आणि कॅपमधून सावली दाखवायचा, म्हणून पुढे काच आणि क्वार्ट्झचे पांढरे पोस्ट आले.

या वाकण्याची किंमत चिकटण्याने मोजावी लागते, हे तुमचं म्हणणं मान्य. झिंक फॉस्फेट खाचाखोचांत अडकून धरायचं, त्याला रसायन लागत नव्हतं. फायबर पोस्ट सगळा भरवसा रेझिनवर, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक होणाऱ्या चिकट पदार्थावर टाकतो. म्हणून तर पुढचं पत्र.

प्रश्न : मी बारा वर्षं प्रॅक्टिस करतो. पोस्ट बसवण्याआधी त्याला ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड लावतो, धुतो, वाळवतो, मग सिलेन लावतो. एका कार्यशाळेत सांगितलं की हे निरुपयोगी आहे, पोस्ट २४ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दहा मिनिटं बुडवा. दुसऱ्या वक्त्याने सँडब्लास्टिंगच हवं म्हटलं. पोस्ट विकायला येणारा म्हणतो, आमच्या पोस्टाला काहीच लागत नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : विकायला येणाऱ्याचं सोडा, पण खोक्यातल्या कागदाचं ऐका. काही पोस्ट कारखान्यातूनच सिलिका, सिलेन आणि वर संरक्षक थर घेऊन येतात. अशा पोस्टावर पेरॉक्साइड ओतलं किंवा वाळू मारली तर पैसे देऊन घेतलेला थर तुम्ही स्वतःच काढून टाकता. कागदावर तसं लिहिलेलं नसेल तर पुढे वाचा.

पोस्ट म्हणजे काय हे डोळ्यांपुढे आणा. काही मायक्रॉन जाडीच्या काचेच्या धाग्यांची मोळी आणि ती बांधून ठेवणारं रेझिन, बहुतेक पोस्टांत एपॉक्सी. बाहेरून हात लावता तेव्हा तुमच्या बोटाला लागते ती मुख्यतः एपॉक्सी, काच नव्हे. ही एपॉक्सी कारखान्यात उष्णता देऊन पूर्ण पक्की केलेली असते. तिच्या साखळ्या एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की तुमच्या सिमेंटमधल्या मेथाक्रिलेट रेझिनला धरायला एकही मोकळा हात उरत नाही.

आता सिलेन. त्याला दोन हात. एक काच धरतो, दुसरा रेझिन. एपॉक्सीसाठी तिसरा हात त्याला नाही. म्हणून न खरवडलेल्या पोस्टावर सिलेन लावलं तर जिथे योगायोगाने धागे उघडे आहेत तिथेच ते काम करतं. सिलेनचे शोधनिबंध एकमेकांशी भांडताना दिसतात त्यामागचं एक मोठं कारण हेच, असं मला वाटतं. प्रत्येकाचा पोस्ट वेगळा, प्रत्येकाच्या पोस्टावर उघडी काच वेगळी.

तुमचं फॉस्फोरिक ॲसिड बोटांचा तेलकटपणा धुऊन टाकतं. बस. इनॅमलवर ते खाचा पाडतं म्हणून पोस्टावरही पाडेल, हा आपल्या हाताच्या सवयीचा भाबडेपणा आहे. अल्कोहोलचा बोळा तेच काम करतो.

पेरॉक्साइडचं तर्कशास्त्र मला आवडतं. ते वरची काही मायक्रॉन एपॉक्सी खातं आणि काचेला हात लावत नाही. धागे उघडे पडतात, त्यांच्यामधल्या फटींत रेझिन शिरतं आणि सिलेनलाही धरायला काच मिळते. २००६ साली आलेल्या, इटलीतल्या सिएनाच्या गटाशी जोडलेल्या कामात २४ टक्के द्रावण दहा मिनिटं आणि १० टक्के वीस मिनिटं वापरलं होतं, दोन्हींनी पकड वाढली. तुमच्या वक्त्याचा आकडा तिथूनच आला असणार. पण दहा मिनिटं रुग्णाला उघड्या तोंडाने कोण बसवून ठेवणार? २०११ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी २४ आणि ५० टक्के द्रावणांनी एक, पाच आणि दहा मिनिटं अशी तुलना केली, तेव्हा एका मिनिटातही काम भागल्याचं दिसलं. मी तेव्हापासून एका मिनिटावर आले.

मात्र एक गोष्ट त्या वक्त्याने सांगितली नसावी. २००६चे ते प्रयोग पोस्ट आणि त्याच्यावर बांधलेला कॉम्पोझिटचा कोअर, म्हणजे कॅपखालचा गाभा, यांच्यातल्या जोडाचे होते. मुळाच्या आतल्या अंधाराचा त्यांत काही संबंध नव्हता. तेव्हा पेरॉक्साइडचा फायदा नक्की कुठे मिळतो? जिथे कोअर पोस्टाला धरतो तिथे. कोअर टोपीसारखा उतरून पोस्ट मुळातच राहिला अशी केस तुमच्याकडे आली असेल तर हा उपाय तुमच्यासाठीच आहे. पूर्ण पोस्टच बाहेर आला असेल तर थोडं थांबा.

सावधगिरी दोनच. २४ टक्के पेरॉक्साइड कातडी पांढरी करतं, डोळ्यात गेलं तर फार वाईट, म्हणून हातमोजे, चष्मा आणि भांडं रुग्णापासून दूर. आणि नंतर पोस्ट भरपूर पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. मागे राहिलेला ऑक्सिजन रेझिनला पक्कं होऊ देत नाही.

सँडब्लास्टिंगने मी हात पोळून घेतले आहेत. यंत्र नवीन आलं तेव्हाच्या उत्साहात मी एका पोस्टावर ५० मायक्रॉनची ॲल्युमिनाची वाळू एकाच जागी धरून मनसोक्त मारली. मॅट पृष्ठभाग छान दिसत होता. मुळात घातला तर आधी घट्ट बसलेला पोस्ट खुळखुळत होता. भिंगाखाली धरला तर एपॉक्सीबरोबर धागेही तुटून उसवलेल्या दोरासारखे झालेले. तो फेकला, नवा घेतला. करायचंच असेल तर दाब दोन-अडीच बार, नोझल दोन-तीन सेंटिमीटर दूर, पोस्ट चिमट्यात फिरवत ठेवायचा आणि पाच मोजून थांबायचं. सिलिका चढवलेली ३० मायक्रॉनची वाळू, म्हणजे कोजेटसारखी, मिळत असेल तर ती जास्त शहाणी. ती आदळते तिथे पृष्ठभागावर सिलिका रुतून बसते आणि सिलेनला जिथे काच नव्हती तिथे काच मिळते.

हायड्रोफ्लोरिक ॲसिड पोर्सेलिनसाठी ठेवा. पोस्टात ते धाग्यांचीच काच खातं.

आता मुद्द्यावर येते, गेल्या अंकातल्या त्या वाक्यावर. माझ्या टेबलाच्या खणात एक पत्र्याची डबी आहे. सुटून आलेले पोस्ट मी तिच्यात ठेवते, स्वतःचेही आणि दुसऱ्यांकडून आलेलेही. त्यांतले बहुतेक सिमेंटचा कोट घालून बाहेर आलेले आहेत. वरपासून खालपर्यंत थर शाबूत. म्हणजे पोस्टाने सिमेंट सोडलेलं नाही, सिमेंटने दात सोडला आहे. लख्ख उघडे, कंपनीच्या पुडीतून आत्ता काढल्यासारखे दिसणारे मोजकेच, आणि खरं तर तेवढ्यांसाठीच पृष्ठभागाची ही सगळी चर्चा उपयोगाची.

सिमेंट दात का सोडतं? मुळाची पोकळी चिकटवण्यासाठी सगळ्यांत वाईट जागा आहे. रेझिन पक्कं होताना आकसतं आणि आकसताना त्याला मोकळी बाजू हवी असते. इथे ती जवळपास नसतेच. चिकटलेल्या आणि मोकळ्या पृष्ठभागांचं गुणोत्तर, आपला सी-फॅक्टर, साध्या फिलिंगमध्ये एक ते पाचच्या दरम्यान असतो. मुळात तो दोनशेच्याही वर जाऊ शकतो. वरून दिलेला प्रकाश तळाशी पोहोचेपर्यंत क्षीण होतो. हायपोने, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटने, शेवटचं धुतलं असेल तर डेंटिनमध्ये ऑक्सिजन अडकलेला. सीलरमध्ये, म्हणजे रूट कॅनाल भरतानाच्या लेपात, युजेनॉल (लवंगेच्या तेलातला घटक) असेल तर तेही रेझिनच्या आड येतं. आणि सगळ्यांत नेहमीचा गुन्हेगार म्हणजे भिंतीला चिकटून राहिलेला गटापर्चा (मुळात भरलेला रबरासारखा पदार्थ) आणि सीलर. आपण तिथे डेंटिनला नव्हे, जुन्या भरावाला सिमेंट लावत असतो.

तुम्ही विचारलंत कोणाचं ऐकू, तर मी काय करते ते सांगते. पोस्ट आधी मुळात बसवून बघते, मग बाहेर काढून अल्कोहोलने पुसते. एक मिनिट पेरॉक्साइड, धुणं, वाळवणं, एक मिनिट सिलेन, मग हलकी गरम हवा. त्यानंतर तो फक्त वरच्या टोकाला चिमट्याने धरायचा. हातमोजा लागला की परत पहिल्यापासून. लांबी डायमंडने कापते, पक्कडीने कधीच नाही, कारण पक्कड धागे चेचते. हे सगळं मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत. मुळाच्या आत मात्र वीस-पंचवीस मिनिटं जातात : लाळ अडवणारा रबर डॅम, भिंगातून भिंती स्वच्छ दिसेपर्यंत घासणं, तळाचा चार-पाच मिलिमीटर गटापर्चा जागेवर ठेवणं, हायपोनंतर ईडीटीए (भिंतीवरचा चुरा काढणारं द्रावण) आणि शेवटी पाणी, पेपर पॉइंटने टिपणं, हवेचा झोत मारून भाजून काढायचं नाही. सिमेंट ड्युअल क्युअर (प्रकाशानेही आणि आपोआपही पक्कं होणारं), बारीक नळीने तळापासून भरत वर. सेल्फ-ॲडहेसिव्ह सिमेंट वापरत असाल तर डेंटिनला फॉस्फोरिक ॲसिड लावू नका, ते सिमेंट स्वतःच्या आम्लावर काम करतं.

प्रश्न : मॅडम, मी पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा प्रबंध फायबर पोस्टाच्या पृष्ठभागावरच्या सहा प्रक्रियांची पुश-आउट चाचणीने (दाताच्या कापातून पोस्ट दांड्याने ढकलून लागणारा जोर मोजून) तुलना असा आहे. तीस दात, प्रत्येकाचे तीन काप, म्हणजे नव्वद नमुने. गाईड सरांना हायड्रोफ्लोरिक ॲसिडचाही गट हवा आहे. यात काही चुकतंय का?

उत्तर : चुकतंय, पण दुरुस्त होण्याजोगं आहे आणि दात कापायच्या आधी विचारलंस हे बरं केलंस.

पहिली गोष्ट, तुझे नव्वद हे नव्वद नाहीत. एकाच दाताचे तीन काप सख्खी भावंडं असतात, एकाचं जे होईल ते बरंचसं दुसऱ्याचंही होतं. तुझं एकक दात आहे. सहा गटांत तीस दात म्हणजे गटाला पाच. इतक्यात खरा फरकही दिसणार नाही. गट निम्मे कर.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पुश-आउटमध्ये जो जोड सगळ्यांत कच्चा तोच तुटतो. खऱ्या मुळात तो बहुधा सिमेंट आणि डेंटिनचा असतो. समजा तुझ्या प्रत्येक गटात तिथेच तुटलं. आकडे सारखे येतील आणि तू लिहिशील, ‘सर्व प्रक्रिया समान परिणामकारक’. प्रत्यक्षात तू पोस्टाचा पृष्ठभाग एकदाही तपासलेला नसशील! पृष्ठभागच तपासायचा असेल तर डेंटिन मधून काढ : पोस्टाभोवती थेट कॉम्पोझिटचा दंडगोल ओत आणि त्याचे काप घे. मूळ ठेवायचंच असेल तर प्रत्येक काप तुटल्यावर भिंगाखाली बघ आणि कुठे तुटला त्याचा तक्ता आधी मांड, पकडीचे मेगापास्कल नंतर. मी परीक्षक असते तेव्हा तो तक्ता आधी शोधते.

बारकावे : पोस्ट निमुळता असेल तर कापाच्या वरचा आणि खालचा व्यास वेगवेगळा मोज. चिकटलेलं क्षेत्रफळ छिन्न शंकूच्या वक्र पृष्ठभागाचं काढायचं, सरळ दंडगोलाचं नाही. दांडा पोस्टापेक्षा लहान असू दे, डेंटिनला टेकला तर आकडा खोटा. ढकलायचं ते अरुंद बाजूकडून रुंद बाजूकडे. कापतानाच सुटलेले काप गुपचूप बाजूला ठेवू नकोस, त्यांची संख्या लिही. पाण्यात ठेवून आणि ५ ते ५५ अंशांच्या फेऱ्या देऊन केलेली चाचणी ताज्या चाचणीपेक्षा मला जास्त काही सांगते, कारण सिलेनचा जोड पाण्यात हळूहळू सुटतो. सगळे पोस्ट एकाच बॅचचे घे.

हायड्रोफ्लोरिकबद्दल सरांशी भांडू नकोस. त्यांना सांग, वेगळा गट करण्याऐवजी दोन पोस्ट त्या ॲसिडमध्ये ठेवून एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, फोटो काढू. खाल्लेले धागे त्यांना स्वतःला दिसले की पुढचं ते ठरवतील.

प्रश्न : मी दवाखान्यात सहायक आहे. सिलेनची बाटली कधी फेकायची यावरून आमच्या दोन डॉक्टरांचं जमत नाही. एक म्हणतात तारीख संपेपर्यंत, दुसरे म्हणतात उघडल्यावर सहा महिने.

उत्तर : दोघांनाही न विचारता एक थेंब काचेच्या पट्टीवर टाका. पाण्यासारखा नितळ असेल तर ठीक. दुधट दिसला किंवा कण तरंगताना दिसले तर तारीख काहीही असो, फेका. सिलेनचे रेणू दाताची वा पोस्टाची वाट बघत थांबत नाहीत, पाणी मिळालं की आपसातच हात धरून बसतात. मग काचेला धरायला हात उरत नाही. बाटली बहुधा गडद रंगाची असते, त्यामुळे बाहेरून कळत नाही. मीही एकदा दुधट सिलेन कितीतरी दिवस वापरत होते, तेही तारखेच्या आतलं, आणि हे पकडलं माझ्या सहायक मुलीनेच.

वापरून झालं की झाकण लगेच लावा, आतलं अल्कोहोल उडून जातं. बाटली ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या, डोक्यावर ठेवू नका. दोन बाटल्यांचं मिसळून वापरायचं सिलेन असेल तर कागदावर दिलेल्या वेळेतच संपवा, उरलेलं उद्यासाठी ठेवू नका. आणि उघडल्याची तारीख बाटलीवर पेनने लिहा, झाकणावर नको, झाकणं बदलतात.